कल्चर रिपोर्टमधील 'सिलिन', 'सेफ' आणि 'पेनेम' एकत्र कसे वाचावेत

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ते कोणत्या औषधाला बधतात हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर औषधांच्या उभ्या यादीवरून 'एस' शोधत खाली घसरते आणि पहिला 'एस' सापडला की तिथेच थांबते. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करताना ही सवय मी रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये पाहिली आहे, नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांमध्ये पाहिली आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतःमध्येही पाहिली आहे. 'एस' म्हणजे जिवाणू त्या औषधाला बधतो, 'आर' म्हणजे जुमानत नाही आणि 'आय' म्हणजे मधला प्रकार, एवढे ठाऊक असले की रिपोर्ट कळला असे वाटते. परंतु यादीतील निम्म्याच्या आसपास औषधे एकाच घराण्याची, बीटा-लॅक्टम गटाची असतात. त्यांच्यासमोरची अक्षरे सुटीसुटी वाचली तर दिशाभूल होऊ शकते. एकत्र वाचली तर त्या जिवाणूने कोणती युक्ती वापरली आहे याचा ठसा त्यांतून उमटलेला दिसतो, आणि तो ठसा ओळखला की 'एस' लिहिलेल्यांपैकी कोणते औषध भरवशाचे व कोणते फसवे हे ठरवणे सोपे जाते.

उदाहरणादाखल एक रिपोर्ट समोर ठेवतो. निफाड तालुक्यातील ६८ वर्षांच्या एका आजींची गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधीच्या तपासण्यांत त्यांची लघवी कल्चरला टाकली होती. ई. कोलाय हा जिवाणू वाढला, दर मिलिलिटरला एक लाखाहून अधिक. ॲम्पिसिलिन, सेफ्युरोक्झिम, सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायॲक्सोन यांच्यासमोर 'आर' होता; सेफॉक्सिटिन, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांच्यासमोर 'एस'. खाली नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनही 'एस' होते. आजींचा नातू रिपोर्ट घेऊन आला आणि यांतले सगळ्यात 'स्ट्राँग' कोणते, तेवढे सांगा, म्हणाला. त्याला जे समजावून सांगितले तेच येथे सविस्तर मांडतो आहे. औषध निवडण्याचे काम रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच आहे. ही मांडणी रिपोर्ट समजून घेऊन त्यांच्याशी नीट बोलता यावे यासाठी, आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या तंत्रज्ञ विद्यार्थ्यांसाठी आहे.

घराणे वेगळे काढणे

पेन्सिल घ्यावी आणि ज्या नावांचा शेवट 'सिलिन' असा आहे, ज्यांची सुरुवात 'सेफ' अशी आहे आणि ज्यांचा शेवट 'पेनेम' असा आहे, त्या सर्वांवर खूण करावी. ॲझ्ट्रिओनॅम हे नाव या खुणांत बसत नाही, पण तेही घरचेच आहे. जेंटामायसिन, अमिकॅसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे उरलेली नावे तूर्त बाजूला ठेवावीत, कारण त्यांच्याविरुद्ध जिवाणू वेगळ्या युक्त्या वापरतात. गोळीच्या पाकिटावरचे ठळक नाव कंपनीने ठेवलेले असते. मूळ औषध कोणते ते त्याखालच्या बारीक अक्षरांत सापडते. घरोघरी 'सहाशे पंचवीस' म्हणून ओळखली जाणारी गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांची जोडी असते. यांतील दुसऱ्या पदार्थाचे काम निराळे आहे आणि ते पुढे येणार आहे.

या सर्व औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडे असते: तीन कार्बन, एक नायट्रोजन. चार अणूंना इतके आवळून बसवल्यामुळे ते कडे कायम ताणलेले असते आणि योग्य जागी धक्का लागला की उघडते. जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बाजेच्या विणीसारखी असते. शर्करेच्या लांब दोऱ्यांना अमिनो आम्लांचे आखूड तुकडे ठिकठिकाणी गाठी मारून एकमेकांना जखडून ठेवतात. ही गाठ मारणारे विकर (एन्झाइम) त्या आखूड तुकड्याच्या टोकाशी असलेली डी-ॲलॅनिनची जोडी पकडून काम करते, आणि बीटा-लॅक्टमचे कडे त्या जोडीसारखेच दिसते. विकर फसून कड्याला धरते, कडे उघडते आणि विकराच्या कामाच्या जागेला कायमचे चिकटून बसते. भिंत वाढवण्यासाठी जुनी वीण उसवण्याचे काम मात्र दुसरीकडे चालूच असते. उसवणे चालू आणि गाठ बंद, अशा अवस्थेत आतील दाबाने पेशी फुटते. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे या औषधांचा थेट त्रास कमी. ॲलर्जीचा प्रश्न अर्थातच निराळा.

एवढे ध्यानात आले की जिवाणूपुढे कोणते मार्ग उरतात हे आपोआप दिसते. कडे विकरापर्यंत पोहोचण्याआधीच तोडायचे, गाठ मारणारे विकरच असे बदलायचे की ते कड्याला फसणार नाही, किंवा औषधाला आत येऊ द्यायचे नाही आणि आलेच तर बाहेर उपसून टाकायचे. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यासारख्या जिवाणूंमध्ये पहिली युक्ती सर्वांत जास्त चालते आणि आपल्या रिपोर्टांत दिसणारे बहुतेक ठसे तिचेच असतात.

'सवय' कोणाला होते

येथे एका गैरसमजाकडे थोडे वळावे लागेल, कारण तो दूर झाल्याशिवाय पुढचे पटत नाही. 'त्यांच्या शरीराला या अँटिबायोटिकची सवय झाली आहे' असे सर्रास म्हटले जाते. सवय शरीराला होत नाही, आणि एखादा जिवाणू औषध पाहून ते पचवायला शिकतो असेही घडत नाही. कोट्यवधी पेशींच्या गर्दीत एखादी पेशी आधीच वेगळी असते; औषध तिच्या शेजाऱ्यांना मारते आणि तिला मोकळे रान मिळते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे त्या एका पेशीची वस्ती व्हायला रात्र पुरते.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावण्यासाठी मला कधीच दोन वाक्यांपेक्षा जास्त लागलेली नाहीत. भुरीवर एकाच गटातले बुरशीनाशक सलग मारले तर ते पुढे काम देत नाही, हे त्याने स्वतःच्या बागेत पाहिलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डब्यावरचे नाव बदलले तरी आतला गट तोच असेल तर उपयोग होत नाही, हेही त्याला पुरते ठाऊक असते. सेफिक्झिमने गुण आला नाही म्हणून सेफपोडॉक्झिम घेणे हा डबा बदलण्याचाच प्रकार आहे. जी युक्ती पहिल्याला निकामी करते, ती बहुधा दुसऱ्यालाही करते.

ही उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. जिवाणू प्रतिकाराचा जनुक केवळ आपल्या वंशजांना देत नाहीत, तर प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यावर चढवून शेजाऱ्यालाही देतात, आणि तो शेजारी वेगळ्या जातीचाही असू शकतो. आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडून क्लेब्सिएलाकडे प्लाझ्मिड जाते ते असे. एकाच प्लाझ्मिडवर अनेकदा इतर गटांच्या औषधांविरुद्धचेही जनुक असतात. म्हणून रिपोर्टमध्ये 'सेफ' घराण्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि जेंटामायसिनही एकदम 'आर' झालेली दिसतात, जरी रुग्णाने ती औषधे कधीच घेतलेली नसली तरी.

कडे तोडणारे विकर पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागण्याआधीच सापडले होते. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्ये ई. कोलायच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारा पदार्थ असल्याचे नोंदवले. ऑक्सफर्डच्या गटाने रुग्णाला पेनिसिलिन टोचले ते १९४१ मध्ये. निसर्गात बुरशी आणि जिवाणू यांची ही झटापट फार जुनी आहे. आपण तिच्यात फक्त टनावारी औषध ओतले.

ठसे

आता आजींच्या रिपोर्टसारखी यादी वरून खाली वाचू.

केवळ ॲम्पिसिलिन 'आर' आणि बाकी सर्व घराणे 'एस' असेल तर जिवाणूकडे जुने, साधे विकर आहे. ई. कोलायमध्ये हे बहुधा टेम-१ असते, जे १९६० च्या दशकात अथेन्समधील एका रुग्णाच्या जिवाणूत प्रथम ओळखले गेले. क्लेब्सिएलाच्या समोर ॲम्पिसिलिनचा 'आर' दिसला तर त्यात बातमी काहीच नाही; तो त्याचा उपजत गुण आहे. त्याचप्रमाणे एन्टेरोकॉकसला 'सेफ' घराणे उपजतच चालत नाही.

ॲम्पिसिलिनबरोबर सेफिक्झिम, सेफ्ट्रायॲक्सोन हेही 'आर', पण सेफॉक्सिटिन आणि मेरोपेनेम 'एस', हा आजींच्या रिपोर्टमधला ठसा विस्तारित-क्षेत्र बीटा-लॅक्टमेजचा, म्हणजे रिपोर्टवर 'ईएसबीएल' या अक्षरांनी येणाऱ्या प्रकाराचा आहे. जुन्या विकरांच्या कामाच्या जागेची रचना किंचित सैल झाली की त्यात 'सेफ' घराण्याची रुंद बाजूसाखळी मावू लागते. १९८३ मध्ये जर्मनीतून नोंदवलेल्या एसएचव्ही-२ या विकरामध्ये मूळ एसएचव्ही-१ पेक्षा एकच फरक होता: २३८ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन. संपूर्ण प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलले आणि सेफिक्झिम, सेफ्ट्रायॲक्सोन यांसारखी तिसऱ्या पिढीची 'सेफ' औषधे हातची गेली. आपल्याकडे मात्र आज प्रामुख्याने दिसते ते सीटीएक्स-एम-१५, ज्याची पहिली नोंद २००१ मध्ये नवी दिल्लीच्या नमुन्यांवरून झाली. त्याचे मूळ क्लुयव्हेरा या निसर्गात राहणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रात आहे. तिथून उचलला गेलेला जनुक प्लाझ्मिडवर चढला आणि जगभर पसरला.

हा ठसा प्लेटवर डोळ्यांनी दिसतो, आणि ज्याने तो एकदा पाहिला तो विसरत नाही. मुलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर जिवाणूचे ठरावीक दाटीचे द्रावण, ज्याला आम्ही ०.५ मॅकफार्लंड म्हणतो, कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी सारखे पसरायचे, म्हणजे सकाळी हिरवळीसारखा एकसंध थर उगवतो. मध्यभागी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली डिस्क, म्हणजे औषध भिजवलेली कागदाची चकती, आणि तिच्यापासून मध्य ते मध्य सुमारे २० मिलिमीटरवर सेफ्ट्रायॲक्सोन, सेफटाझिडिमच्या डिस्क ठेवायच्या. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवून प्लेट उजेडासमोर धरली की सेफ्ट्रायॲक्सोनभोवतीचे मोकळे वर्तुळ इतर बाजूंनी लहान असते, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या बाजूला अचानक फुगून पुढे येते आणि दोहोंच्या मध्ये जुन्या वाड्याच्या कुलपाच्या भोकासारखा आकार तयार होतो. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडलाही बीटा-लॅक्टमचेच कडे असते. ते स्वतः जिवाणूला फारसे मारत नाही, पण तोडणारे विकर त्याला चावते आणि त्यातच अडकते. जिथे ते पोहोचले तिथे सेफ्ट्रायॲक्सोन पुन्हा कामाला लागले, हे त्या भोकाच्या आकारात लिहिलेले असते.

सीएलएसआय या संस्थेच्या निकषांनुसार ई. कोलायसाठी ३० मायक्रोग्रॅमच्या सेफ्ट्रायॲक्सोन डिस्कभोवतीचे वर्तुळ २३ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर 'एस' आणि १९ किंवा कमी असेल तर 'आर'. आजींच्या प्लेटवर ते ९ मिलिमीटर होते.

मग क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडी 'एस' आहे, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 'एस' आहे, तेव्हा गंभीर रुग्णाला तीच का देऊ नयेत? हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि येथेच सुटी अक्षरे फसवतात. सेफ्ट्रायॲक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचा रक्तात संसर्ग झालेल्या रुग्णांवर 'मेरिनो' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचे जिवाणू पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला 'एस' होते. तरीही ते औषध मिळालेल्यांपैकी १२.३ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. मेरोपेनेम मिळालेल्यांत हे प्रमाण ३.७ टक्के होते. प्रयोगशाळेत मोजून टाकलेल्या जिवाणूंपुढे रोधक, म्हणजे विकराला अडकवणारा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड किंवा टॅझोबॅक्टमसारखा जोडीदार, पुरा पडतो. रक्तात किंवा पूने भरलेल्या जागी जिवाणूंची संख्या आणि विकराचे प्रमाण इतके वाढू शकते की तो कमी पडतो. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात परिस्थिती वेगळी असते, कारण औषधे लघवीत मोठ्या प्रमाणात उतरतात. म्हणून ईएसबीएलचा ठसा दिसल्यावर पुढचा प्रश्न औषधाचा नसतो. संसर्ग कुठे आहे आणि रुग्ण किती आजारी आहे, हा असतो.

सेफॉक्सिटिनही 'आर', क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडी 'आर', पण सेफेपिम 'एस' असे दिसले तर संशय अँप-सी या विकराचा घ्यावा, ज्याला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आवरू शकत नाही. एन्टेरोबॅक्टर क्लोएकी हा जिवाणू येथे विशेष दगाबाज आहे. त्याच्या गुणसूत्रात हा जनुक असतोच, फक्त एरवी दबलेला असतो. काही कोटी पेशींमागे एखादीत तो दाब निघून गेलेला असतो, आणि गळूमध्ये तर अब्जावधी पेशी असू शकतात. पहिल्या रिपोर्टमध्ये सेफ्ट्रायॲक्सोन 'एस' येते, उपचार सुरू होतात, दोन दिवस उतार पडतो, आणि दुसऱ्या कल्चरमध्ये तेच औषध 'आर' होऊन येते. नातेवाइकांना प्रयोगशाळेची चूक वाटते. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. या जिवाणूसमोर सेफ्ट्रायॲक्सोनचा 'एस' दिसला तरी मी डॉक्टरांना फोन करतो.

पेनेमसमोर 'आर' आला की प्रकरण गंभीर होते. येथे कोणते विकर आहे हे जाणून घेण्याला व्यवहारात मोल आहे, त्यामुळे प्रयोगशाळेला जनुक-चाचणीची सोय आहे का ते विचारावे. २००८ मध्ये नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलामध्ये सापडलेले एनडीएम-१ हे जस्ताच्या आधाराने कडे तोडते, आणि म्हणून सेरीनवर चालणाऱ्या विकरांसाठी घडवलेला ॲव्हिबॅक्टम हा रोधक त्याला रोखू शकत नाही. पेनेम तोडणाऱ्या ओएक्सए-४८ या दुसऱ्या विकराला मात्र ॲव्हिबॅक्टम रोखतो. गंमत अशी की ॲझ्ट्रिओनॅमला एनडीएम तोडू शकत नाही. पण एनडीएम बाळगणाऱ्या जिवाणूकडे सोबत बहुधा ईएसबीएलही असते, ते ॲझ्ट्रिओनॅमला तोडते आणि रिपोर्टवर त्याच्यासमोरही 'आर' येतो. ॲव्हिबॅक्टमने ईएसबीएलला अडकवायचे आणि ॲझ्ट्रिओनॅमला मोकळी वाट द्यायची, या हिशेबाने सेफटाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनॅम एकत्र दिले जातात. रिपोर्टवर दोन्हींसमोर 'आर' असताना त्यांची जोडी काम करते, हे सुट्या अक्षरांतून कधीच कळले नसते.

एर्टापेनेम एकटेच 'आर' आणि मेरोपेनेम 'एस' असेल तर दाराची युक्ती लक्षात घ्यावी: ईएसबीएल किंवा अँप-सी असलेल्या जिवाणूने बाह्य पटलातील पोरिन नावाची छिद्रे कमी केली की आत झिरपणारे थोडेसे औषध तोडायला साधे विकरही पुरते. ओएक्सए-४८ मध्येही असा ठसा दिसू शकतो. स्युडोमोनास या जिवाणूमध्ये ही युक्ती अधिक स्वच्छ वाचता येते. इमिपेनेम 'आर' पण मेरोपेनेम 'एस' असेल तर बहुधा ओपीआर-डी नावाचे दार बंद झालेले असते. उलट मेरोपेनेम 'आर' आणि इमिपेनेम 'एस' असेल तर उपसा करणाऱ्या पंपाकडे बोट दाखवावे, कारण त्या पंपाला मेरोपेनेम उचलता येते, इमिपेनेम नाही.

जखमेच्या पूमधून स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला असेल तर एकच ओळ पाहावी: सेफॉक्सिटिन किंवा ऑक्सासिलिन. येथे सेफॉक्सिटिन हे औषध म्हणून नसून खूण म्हणून लावलेले असते. ती 'आर' असेल तर जिवाणूने मेक-ए हा जनुक मिळवून गाठ मारणारे वेगळेच विकर बसवले आहे, जे कड्याला फसत नाही. मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून असे जिवाणू नोंदवले गेले. अशा वेळी सेफ्टॅरोलिनसारखा अपवाद सोडला तर 'सिलिन', 'सेफ', 'पेनेम' सर्व बाद, मग यादीत त्यांच्यासमोर चुकून 'एस' छापलेला असला तरीही. रोधकाची जोडी येथे निरुपयोगी आहे, कारण तोडण्याचा प्रश्नच नाही. दुसरीकडे, घशाला त्रास देणारा 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस ८० वर्षे पेनिसिलिन झेलूनही त्याला बधतोच, याचे मला अजून नवल वाटते.

आकड्यांचा आणि नमुन्याचा विचार

ज्या रिपोर्टांत अक्षरासोबत एमआयसीचा, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा, आकडा असतो, तेथे सर्वांत लहान आकड्याचे औषध सर्वांत प्रभावी असे समजून निवड केली जाते. ही ठळक चूक आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. ई. कोलायला सेफ्ट्रायॲक्सोनसाठी २ हा आकडा 'एस' मध्ये बसत नाही, तर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसाठी ४ सहज बसतो. आकडा त्याच औषधाच्या निकषाशी ताडावा, शेजारच्या औषधाशी नव्हे. फॅरोपेनेमच्या गोळ्या आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या जातात, पण सीएलएसआयच्या तक्त्यात त्याला निकषच नाही. त्याच्यासमोरचा 'एस' कशावरून लिहिला हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

नमुना पहिल्या डोसाच्या आधी द्यावा. लघवी असेल तर सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावी, निर्जंतुक डबीतच घ्यावी आणि दोन तासांत पोहोचवावी. तालुक्याहून एसटीने पाठवायची असेल तर बर्फाच्या पिशवीत ठेवावी, अन्यथा वाटेतच जिवाणूंची पैदास होऊन एक हजाराचे एक लाख होतात. कॅथेटरच्या पिशवीतून काढलेली लघवी कल्चरला पाठवू नये.

प्रयोगशाळेच्या बाजूनेही चुका होतात, आणि माझी एक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या जोडीच्या डिस्कची कुपी माझ्याकडून दुपारभर टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी लागोपाठ चार नमुने त्या जोडीला 'आर' आले. गावात काहीतरी नवे पसरले की काय असे क्षणभर वाटले. पण ज्याचे वर्तुळ ठरलेले असते त्या प्रमाण ई. कोलायचीही प्लेट त्या दिवशी लावलेली होती, आणि तिचेही वर्तुळ आखडलेले निघाले. जिवाणू बदलले नव्हते, ताणलेले कडे उष्णतेने आणि दमटपणाने आपोआप उघडून गेले होते. रिपोर्ट थांबवून नव्या कुपीने सर्व पुन्हा केले. याच कारणाने लहान मुलांचे पावडरचे सिरप पाण्यात कालवल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि बाटलीवरील मुदतीत, बहुधा सात दिवसांत, संपवून उरलेले टाकून द्यावे लागते. मागच्या महिन्यातली अर्धी बाटली पुन्हा सुरू केली तर मुलाच्या पोटात कमी औषध आणि जास्त साखर जाते, आणि कमी औषध हीच वेगळ्या पेशीला पुढे आणणारी परिस्थिती आहे.

तिसऱ्या पिढीची 'सेफ' औषधे आणि पेनेम मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. औषध दुकानदाराला चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठी मागितली म्हणून दुकानदारावर चिडणारे लोक मी कॉलेज रोडवर रोज पाहतो. चिडू नये.

आजींचे पुढे काय झाले

नातवाला मी एकच प्रश्न विचारला: आजींना लघवीला जळजळ, वारंवारता, ताप, ओटीपोटात दुखणे यांपैकी काही आहे का? काहीच नव्हते. रिपोर्ट बरोबर होता, ईएसबीएलचा ठसा स्पष्ट होता आणि तरीही औषधाची गरज नसण्याची शक्यता मोठी होती. वयस्कर स्त्रियांच्या लघवीत त्रास न देता जिवाणू राहणे फार सामान्य आहे. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया सोडल्या तर अशा अवस्थेत प्रतिजैविक देऊ नये असेच आजचे मार्गदर्शन आहे, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या अपवादांत मोडत नाही. मेरोपेनेमची इंजेक्शने दिली असती तर लघवीतले जिवाणू काही दिवस गेले असते, आतड्यात मात्र त्याहून चिवट वस्तीला जागा झाली असती.

मी हे सर्व रिपोर्टखालील शेऱ्यात दोन ओळींत लिहिले आणि अस्थिरोगतज्ज्ञांना फोनही केला. त्यांनी आजींना तपासले, औषध दिले नाही आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी केली. नातवाला मात्र तो रिपोर्ट जपून ठेवायला सांगितले. ईएसबीएल बाळगणारे जिवाणू आतड्यात कित्येक महिने राहू शकतात. उद्या आजींना खरोखर थंडीताप भरला आणि कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस असले, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना सेफ्ट्रायॲक्सोनवर विसंबायचे नाही हे त्या जुन्या कागदावरून पहिल्याच तासाला कळेल. त्याने फाइलच्या वरच्या कप्प्यात तो सरकवला आणि त्यावर पेनाने तारीख टाकली, मागील तीन महिन्यांत आजींनी घेतलेल्या गोळ्यांची नावे लिहिण्यासाठी खाली थोडी जागाही सोडली.